ती रेघ माझी आहे

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. एका डोळ्याची, पितळी नळीची, वजनदार. माझी कीव मात्र करू नका.

माझी भिंगं घासणारा कारागीर एकच गोष्ट बजावायचा, "घाई नको." तेवढंच शिकून मी गिधाडं शोधणाऱ्या ताईंकडे आले. गिधाडं फार विरळ झाली होती. कड्यावर चुन्यासारखे पांढरे ओघळ दिसले, की ताई मला तीन पायांच्या स्टँडवर चढवत. ओघळ विष्ठेचे असतात; त्यांच्या वर, कपारीत, घरटं.

मला वाहून न्यायचा ताईंचा धाकटा भाऊ. "ताई, हे लोढणं माझ्याच गळ्यात का गं?" एकदा उतारावर तो घसरला, मी दगडावर आपटले. डोळ्याजवळच्या भिंगाला तडा गेला. तेव्हापासून माझ्यातून दिसणाऱ्या जगावर एक काळी रेघ आहे. मग नवा कॅमेरा आला आणि मी कपाटावर, मोडक्या छत्र्यांशेजारी गेले.

पुढे एका कड्याला सुरुंग लावून रस्ता काढायचं ठरलं. रस्त्याच्या कामाचे साहेब ताईंना म्हणाले, "घरटं आहे म्हणता ना? सोमवारपर्यंत फोटो दाखवा." नव्या कॅमेऱ्याला दरीपलीकडची कपार म्हणजे नुसता ठिपका.

"दोर लावून उतरतो," भाऊ म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"तू उतरलास की गिधाडीण उडणार, ती उडाली की कावळे येणार. वर्षाला एकच अंडं घालते रे ती!"

"मग काय, चित्र काढून देऊ साहेबांना?"

"ते लोढणं आण."

धापा टाकत त्याने मला दरीच्या अलीकडच्या टेकडीवर नेलं. ताईंनी मोबाइल माझ्या डोळ्याला टेकवला. वारा सुटला होता. भावाने माझे पाय गच्च धरले. गिधाडीण जराशी उठली आणि तिच्या पोटाखालून पिल्लाचं राखाडी डोकं वर आलं. ती उडाली नाही. आम्ही आहोत हे तिच्या गावीही नव्हतं.

साहेबांनी फोटो न्याहाळला. "मधे ही रेघ कसली?"

"दुर्बीण फुटकी आहे, साहेब," भाऊ ताठ मानेने म्हणाला. "पिल्लू धड आहे."

सुरुंग थांबले.

तेव्हा मित्रांनो, मला जपा म्हणून मी हात जोडणार नाही. मला हातच नाहीत. पण जे जपायचं आहे, त्याच्यापासून लांब उभं राहायला शिका. आणि लांबून पाहायचं असेल, तर मी आता कपाटावर नाही. दाराशी उभी आहे, माझ्या तीन पायांवर.