फरशीवर फरशी

पाट. लाकडी, चार इंच उंच, एका कोपऱ्याची ढलपी निघालेली.

बंद होणाऱ्या दुकानाच्या काचेवर चिकटवलेला कागद: ‘माल परत घेतला जाणार नाही.’

डॉक्टर म्हणाले, “हा खांदा वर उचलायचाच नाही. डाव्या हाताने करा कामं.” डावा हात जणू इतकी वर्षं रजेवर होता.

कपाळावर टेंगूळ. कोणाच्या, ते कळेलच.

“ओट्याची उंची काय पाहुण्यांना वाढायचीय?”

शून्य इंच

वरचं शेवटचं, ओट्याबद्दलचं वाक्य तिच्या नवऱ्याचं. नात्यागोत्यात त्याला बचतराव म्हणत आणि तो ते पदवीसारखं मिरवायचा. धाकट्या बहिणीने आपली जेवणाची खोली नवी केली, ती पाहून आल्यापासून बचतरावांना घास गोड लागेना. स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा, दोन्ही नवं करायचं ठरलं. पैसे होते एकाच खोलीपुरते, तेही अर्धे.

तिने एकच गोष्ट मागितली. “अहो, ओटा चार इंच खाली घ्या.”

अठरा वर्षं ती पाटावर उभी राहून रांधत होती. चिरायला चढ, फ्रिजकडे जायला उतर, ढवळायला चढ. एवढ्या चढउतारात एखादा डोंगर सर केला असता तर एव्हाना सत्कार तरी झाला असता. इथे दोनदा पडली आणि तिसऱ्यांदा खांदा घेऊन बसली.

“ओटा तोडायचा म्हणजे नळ आला, पाईप आला, खालची कपाटं आली,” बचतराव म्हणाले. “या कामाचं सूत्र एकच. तोडफोड नाही. आणि तुझ्याकडे पाट आहे की!”

तिला जणू पाटल्या केल्या होत्या.

पावणेदोन इंच

बंद होणाऱ्या त्या दुकानातून बचतरावांनी फरशी आणली. रंग गडद हिरवा, वर पिवळे शिंतोडे. गवंडी मिस्त्रींनी एक फरशी उलटीसुलटी करून पाहिली आणि खाली ठेवून दिली.

“साहेब, जुनी उखडू ना आधी?”

“उखडायची कशाला? वरूनच लावा. तळमजल्यावरचं घर आहे, वजनाची भीती नाही.”

मिस्त्रींनी घमेलं ओढलं. फरशीवर फरशी बसली. वायरमन त्याच आठवड्यात स्वस्तात मिळत होता म्हणून जेवणाच्या टेबलावरचा लोंबता दिवाही लगेच टांगून झाला. बहिणीकडे एक दिवा होता; बचतरावांनी तीन तोंडांचा आणला.

तिसऱ्या दिवशी सकाळी फरशी वाळली तशी ती ओट्याशी गेली. पाट बाल्कनीत पडला होता. तो आणायच्या आधी तिने सहज कोपर टेकून पाहिला आणि थबकली. ओटा जवळ आला होता. नवऱ्याची टेप तिथेच पडलेली. तिने माप घेतलं, पुन्हा घेतलं. पावणेदोन इंच. आयुष्यात पहिल्यांदा तिची उंची वाढली होती, तीही नवऱ्याच्या कंजुषीच्या खतावर.

सव्वादोन इंच बाकी होते.

तिने नणंदेला फोन केला. “येऊन तर जा. तुझ्या दादाने फरशी काय सुरेख आणलीय!”

नणंद संध्याकाळी हजर. दारातच थांबली.

“दादा, चप्पल काढू की नको? नाही, स्टँडवरच्या मुतारीत आपण काढत नाही ना, म्हणून विचारलं.”

“स्वच्छ दिसतं उलट,” बचतराव म्हणाले.

“दिसतं ना. फक्त बाहेर पैसे घ्यायला एक माणूस बसव.”

ती गेल्यावर बचतरावांनी त्या हिरव्या तळ्याला दोन फेऱ्या मारल्या. शेवटी खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, “तोडायची म्हणजे मजुरी आली. राडारोडा उचलायला टेम्पो आला...”

“तोडायची कशाला?” ती भाजी निवडता निवडता म्हणाली. “वरून दुसरी लावा. साधीशी, पांढरी.”

बचतरावांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं. “अठरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासारखा विचार केलास बघ!”

“संगत,” ती म्हणाली.

चार इंच

दुसऱ्या दिवशी मिस्त्री सिमेंटचा माल कालवत होते. साहेब ऑफिसात गेल्याची खात्री करून ते हळूच म्हणाले, “ताई, बाल्कनीतला पाट तुमचा ना?”

“हो.”

“मग थोडा माल जाड टाकू का?”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या पाटाचा अर्थ लागलेला हा पहिला माणूस.

“टाका. पण सपाट असू दे, मिस्त्री.”

“लेव्हलमध्ये बसवतो. तुमच्या कोपराला विचारून.”

काम झालं. घर पांढरंशुभ्र दिसू लागलं आणि बारीकसारीक गोष्टी वर आल्या. स्वयंपाकघराचं दार उघडेना, ते सुताराने खालून कापलं. ओट्याखालच्या कपाटांची दारंही कापली. हॉलमधून आत येताना एक पायरी तयार झाली, तिच्यावर बचतराव रोज सकाळी अडखळत आणि रोज तिलाच विचारत, “ही कालपण होती का?” तीन तोंडांचा दिवा मात्र जिथल्या तिथे लोंबत होता. पहिल्याच रात्री जेवून उठताना त्याचं मधलं तोंड बचतरावांच्या कपाळावर बसलं.

नणंद नवी फरशी बघायला आली तेव्हा टेंगूळ निळं पडलं होतं. “छान झालं हं, दादा. वाकायला शिकलास. आईला शिकवायला जमलं नव्हतं.”

“वायर आखूड करून घ्या ना,” ती पाणी देत म्हणाली.

“परत वायरमन बोलवायचा? डोकं सांभाळून उठलं की झालं.”

नणंद गेल्यावर बचतराव पेला विसळायला ओट्याशी गेले. उंच माणूस. वाकले, आणि कंबर धरून तसेच राहिले.

“अगं, हा ओटा खाली गेलाय का?”

“ओटा कसा जाईल खाली?” ती कांदा चिरत होती, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून. “तो तर तुम्ही तोडलाच नाही.”

बचतरावांनी ओट्याकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, टेप शोधली. टेप सापडली नाही. पाटही नव्हता. तो मिस्त्री घेऊन गेले होते. फरशी बसवताना बुडाखाली घ्यायला बरा पडतो म्हणाले.

“मग मला का वाकावं लागतंय?”

“वय झालं,” ती म्हणाली आणि दुसरा कांदा घेतला. खांदा दुखला नाही.

अठरा वर्षांपूर्वी ओट्याचं माप ठरलं तेव्हा गवंड्याने विचारलं होतं, “कोणाच्या कोपराने धरू?” आणि बचतरावांनी स्वतःचा कोपर पुढे केला होता; ती शेजारच्या खोलीतच होती.