वीसपैकी नऊ

धाकटा भाऊ दोन वर्षांनी घरी आला, तो सही मागायला. बूट न काढताच त्याने कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर पेन.

"शुक्रवारी घड्याळ बाजारात येतंय," तो म्हणाला. "जुनी सगळी ॲप्स नव्या घड्याळावर चालतात असं जाहीर करायचंय. तुझ्या ॲपची संमती तेवढी राहिलीय, ताई."

"सगळी चालतात हे कोणी पाहिलं?"

"यंत्राने. ॲप उघडतं, मध्येच बंद पडत नाही, म्हणजे चालतं."

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. बाटली गळत नाही म्हणून पाणी पिण्याजोगं आहे, असं आम्ही लिहून देत नाही. हे मी त्याला सांगितलं. त्याने पेन माझ्याकडे थोडं सरकवलं.

सहा वर्षांपूर्वी कंपनीने हे स्मार्टवॉच बंद केलं आणि ॲप्स जिथे मिळत ते ऑनलाइन दुकानही एका दिवसात पुसून टाकलं. भाऊ तेव्हा त्याच कंपनीत होता. एकमेकांना अनोळखी अशा आम्ही अकरा माणसांनी त्याआधी जमतील तेवढी ॲप्स उतरवून घेतली आणि आपापल्या संगणकांवर सांभाळली. सुट्टीच्या दिवशी ती दुरुस्त करायचो. भाऊ आम्हाला मढ्याचे राखणदार म्हणायचा. आमचा नियम एकच होता: ज्याला ॲपची खरी गरज आहे, त्याने ते सात दिवस मनगटावर वापरायचं, मगच ते यादीत घालायचं. आता नव्या मालकांनी तेच घड्याळ पुन्हा काढलं, भावाला परत बोलावलं आणि आमची यादी उचलली. आयत्या बिळावर नागोबा. आठ जणांनी सह्या दिल्या, दोघे भांडून निघून गेले, उरले मी.

कागद फाडणं सोपं होतं, पण घोडं दुसरीकडेच अडलं होतं. माझं ॲप मी बाबांसाठी लिहिलं होतं. बाबांनी बत्तीस वर्षं बस डेपोचं वेळापत्रक सांभाळलं. मधुमेहात त्यांचे डोळे गेले, हातापायांना बधिरपणा आला. पुढे कानही गेले. डाव्या कानाशी ओरडलं तर थोडं ऐकू येतं. बटण दाबलं की घड्याळ त्यांना मनगटावर वेळ सांगायचं. लांब थरथर म्हणजे पाच तास, छोटी म्हणजे एक तास, मग जरा थांबून पाव तासांच्या छोट्या थरथरी. कोणाला न विचारता वेळ कळणं, एवढं एकच काम ते अजून स्वतःचं स्वतः करत होते. आणि त्या घड्याळाची बॅटरी फुगून काच एका बाजूने उचलली गेली होती. तशी बॅटरी आता कुठेच मिळत नव्हती. म्हणजे नवं घड्याळ चालण्याची गरज कंपनीपेक्षा मलाच जास्त होती, आणि हे भावाला माहीत होतं.

त्याने खिशातून माझं ॲप घातलेलं नवं घड्याळ काढून शेजारी बसलेल्या बाबांच्या मनगटावर बांधलं. "किती वाजले, बाबा?" तो कानाशी ओरडला.

बाबांनी बटण दाबलं. "सव्वाअकरा."

"बघ," तो मला म्हणाला.

"आत्ताच त्यांना अकराची गोळी दिलीय. सव्वाअकरा झाले असणार हे घड्याळ नसतं तरी कळलं असतं. मी घड्याळात वाटेल तशा वीस वेगवेगळ्या वेळा लावते. त्या ओळखू देत."

"घरातही परीक्षा घे तू."

"आधी तू बस."

तो डोळे मिटून बसला आणि वीसच्या वीस वेळा बरोबर सांगितल्या. "पुरे?" त्याने विचारलं.

मग बाबा. तिसऱ्या वेळेलाच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे कुजबुजतंय," ते म्हणाले. "नीट बोल म्हणावं." वीसपैकी नऊ बरोबर आल्या. मी जुनं घड्याळ बांधलं, नव्या वीस वेळा लावल्या. एकोणीस.

"दुसऱ्या खेपेला सराव झाला," भाऊ म्हणाला.

शंका रास्त होती. म्हणून मी पुन्हा नवं बांधलं. आठ.

जुन्या घड्याळातली थरथरवणारी मोटर खडखडत असे. बधिर कातडीखालच्या हाडापर्यंत ती पोचायची. नवी मोटर झटकन सुरू होते, झटकन थांबते, आवाजही करत नाही.

"लोक त्या खडखडीला वैतागले होते," भाऊ म्हणाला. "हीच तर सुधारणा आहे."

"मग यादीत लिही, हात बधिर असेल तर याच्यावर भरवसा ठेवू नये. आत्ता सही करते."

"यादीत तळटिपा नसतात, ताई. सगळी चालतात म्हणजे सगळी."

"किती आले?" बाबांनी मोठ्याने विचारलं. मी आकडे त्यांच्या कानात ओरडले. ते भावाच्या दिशेने वळले. खरं तर कपाटाच्या. "चिरंजीव, माझ्या डेपोत वीसपैकी नऊ बस वेळेवर सुटल्या असत्या, तर मी 'सेवा सुरळीत' असा फलक लावला नसता."

भाऊ वाकला आणि त्यांच्या कानाशी सावकाश बोलला. "सही नाही तर ॲप निघणार, बाबा. ज्यांना वीस येतात त्यांचंही. तुमची बस उशिरा येते म्हणून ताई डेपोच बंद करतेय."

त्याने कागद उचलला आणि बाबांच्या मनगटावरचं घड्याळ सोडायला हात घातला. बाबांनी दुसरा हात वर दाबून धरला.

"हे राहू दे. नापास झालेल्याला घरी शिकवतात."

शुक्रवारी यादी आली. माझं ॲप त्यात नव्हतं, त्यामुळे 'सगळी चालतात' हे वाक्य जसंच्या तसं राहिलं. मी आमच्या ॲप सांभाळणाऱ्यांच्या ऑनलाइन पानावर सगळे आकडे लिहिले आणि सही का केली नाही ते सांगितलं. दुपारपर्यंत शिव्यांची रीघ लागली. कोणी म्हणालं, मला मिरवायचं होतं. एका बाईंनी फक्त एवढं लिहिलं: "मला दिसत नाही, पण माझे हात चांगले आहेत. मला वीस आले असते. तुमच्या वडिलांसाठी तुम्ही माझी वेळ बंद केलीत."

त्यांचं खरं होतं. मी त्यांना ॲप थेट पाठवून दिलं. त्यांनी ते घेतलं, आभार मानले नाहीत.

मग मी नव्या मोटरला खडखडायला शिकवू लागले. एका थरथरीऐवजी तीस बारीक धक्के एकामागोमाग एक द्यायचे, मधलं अंतर कमी-जास्त करून पाहायचं. पहिल्या दिवशी अकरा, दुसऱ्या दिवशी दहा.

"उलटाच चाललाय गाडा," बाबा म्हणाले. "एवढी शिकलीस ती कशासाठी?"

"तुम्हीच शिकवलंत," मी ओरडले.

"चूक झाली."

मंगळवारी जुन्या घड्याळाची काच पूर्ण सुटली. फुगलेली बॅटरी अंगावर ठेवणं धोक्याचं असतं. ते मी काढून घेतलं आणि वाळूच्या डब्यात घालून बाहेर ठेवलं. बाबांनी त्या दिवशी कोणाला वेळ विचारली नाही. जेवायला बोलावलं तर "वेळ झाली की येईन" म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. ताट मीच खिडकीपाशी नेलं.

बुधवारी तेरा. शनिवारी पंधरा. रोजचे आकडे मी पानावर टाकत होते. भावाचा फोन आला, तो बाबांची चौकशी करायला नव्हता.

"पंधरा येतात म्हणे. धक्क्यांमधलं अंतर किती ठेवलंयस?"

"तळटिपा सुरू केल्या का तुम्ही?"

त्याने फोन ठेवला.

रविवारी मी समोरच बसून कपड्यांच्या घड्या करत होते. बाबांना वाटत होतं, खोलीत कोणी नाही. त्यांनी आपणहून बटण दाबलं, मनगट गालाला लावलं, ओठ हलवत मोजलं.

"पावणेपाच," ते स्वतःशीच म्हणाले.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. मी उठून त्यांच्या डाव्या कानाशी गेले. "चूक," एवढंच ओरडले. बरोबर वेळ सांगितली नाही.

त्यांनी मला एक डेपोतली शिवी दिली आणि पुन्हा बटण दाबलं.