अपर्णाताईंची संहिता

सानिका घोलप कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं तयार करायची. मजकूर एकदाच लिहायचा आणि त्यातल्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तो काय आहे याची खूण लावायची: हे शीर्षक, ही कृती, हा धोक्याचा इशारा. मग तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडली की दुरुस्ती करणाऱ्याला त्याच्या कामाचं दिसायचं आणि यंत्र वापरणाऱ्याला त्याच्या. हे काम आपल्याला उत्तम येतं, याबद्दल तिला शंका नव्हती.

त्यामुळे तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकाच्या पहिल्या वाचनाला प्रत्येकाच्या हातातल्या झेरॉक्सवर वेगळ्याच दुरुस्त्या पाहिल्यावर ती लगेच म्हणाली की, संहिता माझ्याकडे द्या. नाटक लिहिणारे आणि बसवणारे चंद्रकांतकाका आगाशे बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि संहिता दिली.

नाटक होतं धुक्यामुळे लाँच बंद पडलेल्या सकाळी गंगेच्या जेट्टीवर अडकलेल्या चार माणसांचं. त्यातल्या आत्याच्या भूमिकेसाठी सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं, अपर्णाताईंचं. ताई भवानीपूरमध्ये जन्मल्या, तिथल्याच बंगाली शाळेत भूगोल शिकवत आल्या. खणखणीत आवाज, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा. पण त्यांनी दरवर्षीसारखंच हसत नाही म्हटलं, वेशभूषा करते म्हणाल्या आणि कप विसळायला आत गेल्या.

सानिका त्यांच्या मागोमाग गेली. नळ चालू ठेवूनच ताई म्हणाल्या, “मला देवनागरी धड वाचता येत नाही गं. घरी मराठीच बोलतो आम्ही, पण लिहिणं-वाचणं सगळं बंगालीतच झालं. अक्षराला अक्षर जोडत बसते, तोवर समोरचा पुढच्या पानावर पोचलेला असतो. चार लोकांत ते नको वाटतं.”

“एवढंच ना?” सानिका म्हणाली. “मग अक्षरं मी बदलते. बोलणं तुमचंच राहील.”

शनिवारी दमदमच्या घरी बसून तिने अख्खी संहिता खुणांमध्ये बांधली. हे पात्राचं नाव, हे त्याचं वाक्य, ही रंगसूचना, हा दिव्यांसाठीचा इशारा. ती कशी दाखवायची याचे नियम वेगळ्या फाइलीत ठेवले आणि ब्राउझरमध्ये चालणारा एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. फोनवर दुवा उघडायचा, वरच्या यादीतून आपलं पात्र निवडायचं, लिपी निवडायची. दिवे सांभाळणाऱ्या उन्मेषला फक्त त्याचे इशारे दिसायचे. काकांनी एखादं वाक्य बदललं की ते एकाच जागी बदलायचं आणि सगळ्यांच्या फोनवर आपोआप नवं दिसायचं.

लिपी बदलणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं, पण बंगालीत ळ नाही आणि व लिहायला गेलं की त्याचा ब होतो. मग जिथे मुळात ळ होता तिथला ल तिने लाल केला आणि व होता तिथला ब निळा. ताईंनी पहिलं वाक्य फोनवर वाचलं, “हे धुकं नाही, हा पांढरा काळोख आहे,” आणि ते वाक्य आयुष्यभर बोलत आल्यासारखं बाहेर पडलं. त्यांनी भूमिका घेतली.

पुढच्या रविवारी सगळे फोन घेऊन गोलात बसले. कुणी अडखळलं नाही, कुणाचं पान हरवलं नाही. सानिका खुशीत होती. वाचन संपल्यावर काकांनी मात्र आपला फोन उलटा करून ठेवला.

मग म्हणाले, “प्रत्येकाला आपलंच वाक्य दिसतंय आणि त्याच्या आधीचे चार शब्द. ते चार शब्द आले की तोंड उघडायचं. मग समोरच्याचं ऐकतंय कोण?”

सानिकाला राग आला. इतक्या मेहनतीनंतर निदान बरं झालं तरी म्हणायचं. मेट्रोत उभ्या उभ्या तिने मनातल्या मनात काकांशी वाद घातला, आणि दमदमला उतरेपर्यंत तो हरली. तिने नाटक यंत्राच्या पुस्तकासारखं कापलं होतं. पंपाची दुरुस्ती करणाऱ्याला बाकीची पानं लागत नाहीत, पण आत्याला तिकीटवाल्याचं दुःख माहीत असायलाच हवं.

चूक कळल्यावर दुरुस्ती तिच्या हातातलीच होती. संहितेला हात लावायची गरजच नव्हती, फक्त दाखवण्याचे नियम उलटे करायचे होते. आता पात्र निवडलं की बाकी सगळ्यांची वाक्यं पूर्ण दिसायची आणि स्वतःचं वाक्य झाकलेलं असायचं. अगदीच आठवलं नाही तर त्यावर बोट ठेवायचं. पुढच्या तालमीत सगळे कुरकुरले, पण दोन पानांतच माना वर झाल्या आणि माणसं एकमेकांकडे बघून बोलायला लागली. काकांनी सानिकाला आपल्या शेजारची खुर्ची ओढून दिली.

प्रयोगाला सभागृह भरलं होतं. दुसऱ्या अंकात तिकीटवाला झालेला तन्मय एक वाक्य चुकला आणि थेट शेवटच्या प्रसंगावर गेला. मधलं अख्खं भांडण गळालं असतं आणि त्यानंतर आत्या का रडते हे प्रेक्षकांना कळलंच नसतं. विंगेत सानिकाच्या हातात फोन होता, पण तिथून काही करता येण्यासारखं नव्हतं.

अपर्णाताईंनी पदर खोचला. तन्मयकडे रोखून बघत त्या म्हणाल्या, “असं कसं? मघाशी तू म्हणत होतास की तुझ्या बापानं याच जेट्टीवर वाट पाहिली. कुणाची, ते सांग आधी.”

ते तन्मयचंच गाळलेलं वाक्य होतं, ताईंनी प्रश्न करून त्याला परत दिलं होतं. त्याचा चेहरा उजळला, भांडण सुरू झालं आणि नाटक पुन्हा रुळावर आलं. प्रेक्षकांना यातलं काहीही कळलं नाही. पडदा पडल्यावर काका ताईंना एवढंच म्हणाले की, इतकी वर्षं तुम्ही कपडे शिवत बसलात, हे काही बरं केलं नाहीत. त्यावर ताई म्हणाल्या, “पुढच्या वेळी मोठी भूमिका लिहा.”

काकांनी ते मनावर घेतलं. पुढचं नाटक लिहायला बसले तेव्हा खुणाही आपणच लावणार म्हणाले. सानिकाने त्या सगळ्या त्यांना एका कागदावर लिहून दिल्या. महिन्याभराने ती ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. पहिला प्रवेश ब्राउझरमध्ये उघडतच नाही, नुसती लाल ओळ येते, असं ते सांगत होते. सानिकाने फाइल मागवून पाहिली. आत्याच्या जागी आता एक शिक्षिका होती आणि तिचं बोलणं दीड पान चाललं होतं.

“काका, बाईंचं वाक्य सुरू केलंत, पण संपल्याची खूण लावलेली नाही,” ती म्हणाली. “मी लावून पाठवते.”

“नको, तू हात लावू नकोस,” काका म्हणाले. “अजून बोलायच्या आहेत त्या.”