बारा ते चार बंद

अभिमन नानांची गाडी सकाळच्या वेळी अतिशय गुणी होती. यावलच्या पुढे त्यांचं केळीच्या बागांतलं गाव. तिथून पहाटे निघालं की गाडी चावी फिरवताच सुरू व्हायची आणि जळगावपर्यंत तक्रारीचा शब्द काढायची नाही. दुपारी ऊन डोक्यावर आलं की मात्र तिला झटके यायचे. आधी उचकी लागल्यासारखे, मग कुणी मागून धरून ओढतंय असे, आणि शेवटी ती रस्त्याच्या कडेला निवांत उभी राहायची. मेकॅनिक लोक याला मिसिंग म्हणतात.

दोन वर्षांत तीन मेकॅनिकांनी तिला तपासलं होतं. पहिल्यानं प्लग बदलले. दुसऱ्यानं पेट्रोलचा पंप बदलला. तिसऱ्याला बदलायला काही उरलं नव्हतं, त्यानं सीटकव्हरं बदलून दिली. तिघांचं मत एकच पडलं, की गाडीत काही खराबी नाही. आणि ते खोटं बोलत नव्हते. नाना गाडी दाखवायला सकाळी सातला नेत. खानदेशात उन्हाळ्याचा शहाणा माणूस बाहेरची कामं सकाळीच उरकतो आणि त्याहून शहाणी गॅरेजं बारा ते चार बंद असतात. गाडीचा आजारही बारा ते चार. रोगी आणि वैद्य यांची गाठ पडायची सोयच नव्हती.

यात नानांचाही हातभार होता. तापेल ते झाकायचं आणि ओलं करायचं, हे केळीवाल्याच्या हाडात असतं. गाडी बंद पडली की ते डिकीतली दोन गोणपाटं पाण्यात भिजवून बॉनेटवर टाकत. अर्ध्या तासानं गाडी सुरू. नाना म्हणत, "माह्या गाडीले दुसरं काही नको, गारवा पाहिजे."

गेल्या वर्षापर्यंत हे चालून गेलं. गेल्या वर्षी आखाजी आली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आलीच पाहिजे, आणि तिला आणायला माहेरचं माणूस मुराळी म्हणून गेलंच पाहिजे. नानांची पुनम धुळ्याला दिलेली, देवपुरात. नाना स्वतः मुराळी होऊन निघाले, वाटेत गाडीनं दोनदा बसकण मारली, आणि ते पोचले तेव्हा विहीणबाई वच्छलाबाईंनी देवापुढं दिवा लावलेला होता. दिवा लागल्यावर घरची लक्ष्मी उंबऱ्याबाहेर जात नाही, असा त्या घरचा नेम. दुसऱ्या दिवशीच आखाजी, आणि सणाच्या दिवशी सून निघत नाही. पुनम सकाळपासून बॅग भरून ओट्यावर बसली होती, ती बॅग घेऊन आत गेली. नाना रिकामी गाडी घेऊन परतले. रात्रीच्या गारव्यात ती एकदाही बंद पडली नाही, हे त्यांना जास्त लागलं.

यंदा पुनम फोनवर म्हणाली होती, "नाना, तुम्ही येऊ नका. मी एसटीनं येईन."

आवाजात राग नव्हता. राग असता तर नानांनी समजूत काढली असती.

"मी येतो," नाना म्हणाले. "दिवे लागायच्या आत."

म्हणून आखाजीच्या आदल्या दिवशी ते निघाले. सोबत गावातल्या उखर्डू आबांना घेतलं. आबांचं वय अडुसष्ट, नेमणूक गाडी ढकलणारा या पदावर. सकाळीच निघायचं ठरलं होतं. पण बागेचं पाणी, मग लेकीसाठी सांजोऱ्या, मग सांजोऱ्यांचा डबा सापडेना, असं करत अकरा वाजून गेले. एरंडोलपर्यंत गाडी नीट चालली. पारोळ्याच्या अलीकडे तिला पहिली उचकी लागली.

"आली," आबा म्हणाले.

"काय आली?"

"माह्या कामाची वेळ."

पारोळ्याच्या बायपासवर एक गॅरेज दिसलं. पत्र्याचं छप्पर, बाहेर पाटी: नवल मिस्त्री, पेट्रोल गाड्यांचे काम, १२ ते ४ बंद. घड्याळात दोन वाजले होते. आत खाटेवर एक माणूस ओला पंचा तोंडावर घेऊन झोपला होता.

नानांनी सवयीनं आधी गोणपाटं भिजवली आणि बॉनेटवर टाकली. मग आबांनी खाटेजवळ जाऊन घसा खाकरला. काही उपयोग झाला नाही. ते आणखी जोरात खाकरले. तिसऱ्यांदा खाकरताना त्यांना खरोखरच ठसका लागला, आणि नवल मिस्त्री त्यांना पाणी द्यायला उठला.

पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्यानं गाडी सुरू केली. ती मांजरीसारखी गुरगुरली. पाच मिनिटं ऐकून तो म्हणाला, "बठ्ठं बरं शे. मंग खराब काय शे?"

"पाहा!" नाना आबांना म्हणाले. "चौथा मेकॅनिक, तोही म्हणतो सगळं ठीक. चला, निघू."

नवलची नजर बॉनेटवरच्या गोणपाटांवर गेली. पाणी टपटपत होतं.

"हाई ओलं पोतं कोनी टाकं?"

"मी. कायम टाकतो."

"आणि मेकॅनिककडे नेतानाही?"

"तेव्हा गरज नाही. सकाळीच नेतो ना मी!" नाना अभिमानानं म्हणाले.

नवलनं पोत्यातून टपकणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "नाना, डॉक्टरकडे नेण्याआधी तुम्ही रोज तिचा ताप उतरवता. तो बिचारा काय बघणार?"

त्यानं आतून एक छोटा स्कॅनर आणला आणि स्टिअरिंगखाली जोडला. पडद्यावर वाटेतल्या झटक्यांची नोंद आली, तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग.

"सापडलं की!" आबा म्हणाले.

"घर सापडलं. भांडण कोण काढतं ते नाही सापडलं. प्लग, कॉइल, पेट्रोलची नळी, कोणीही असेल. कॉइल म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारी. एकेका सिलिंडरला एकेक." त्यानं चार बोटं दाखवली. "चार मजूर शेतस. तीन काम करतस, एक दुपारले झाडखाले जाई बसस."

हे नानांना ताबडतोब समजलं. असा एक मजूर त्यांच्याकडे अकरा वर्षं होता.

"मग तीन नंबरचं सगळंच बदलून टाक."

"अंदाजानं बदलणारे तिघं होऊन गेले ना? मला त्याला बसताना बघू द्या. गाडी उन्हात लावतो, बॉनेट बंद, एसी चालू. तापू द्या."

"उन्हात?" नानांचा आवाज चिरकला. सात वर्षांत त्यांनी ही गाडी आपणहून उन्हात उभी केली नव्हती. "किती वेळ?"

"तास तरी. किंवा आत्ता निघा. गार आहे तोवर जाईल. पंधरा किलोमीटर, वीस किलोमीटर..."

पारोळ्याहून धुळं पस्तीस किलोमीटर.

"नाना, गाडी इथंच राहू दे," आबा म्हणाले. "एसटीनं जाऊ." तेवढ्यात बायपासवरून एक एसटी गेली. दारात लोंबकळणारी माणसं बघून आबांनी सूचना मागे घेतली. आखाजीला सगळ्या खानदेशच्या लेकी एकाच दिवशी निघतात.

नाना खाटेवर बसले. गार गाडी समोर उभी होती, चावी हातात होती. मागच्या वर्षीही त्यांनी दोनदा हेच केलं होतं, गारवा देऊन पुढे. त्यांनी उठून स्वतःच्या हातानं दोन्ही गोणपाटं काढली आणि चावी नवलच्या हातात दिली.

"तापव," ते म्हणाले आणि दुसरीकडे तोंड करून बसले.

पाऊण तासानं गाडी थरथरायला लागली. नवलनं बॉनेट उघडलं आणि चालू इंजिनात एकेका कॉइलच्या वायरचं कनेक्टर काढून परत लावलं. पहिलं काढताच इंजिन आणखी धडपडलं. दुसऱ्याला तसंच. तिसरं काढलं, काही फरक नाही. चौथ्याला पुन्हा धडपड.

"बसलेलाच होता. उठवलं काय, नाही उठवलं काय."

मग त्यानं इंजिन बंद केलं, हाताला फडकं गुंडाळलं, बोल्ट खोलून तीन नंबरची कॉइल उपसली आणि तिची आणि एक नंबरची अदलाबदल केली. गाडी सुरू केली. स्कॅनरवर आता एक नंबर आला.

"मजूर हलवला, भांडणही त्याच्याबरोबर गेलं. प्लग बरा, नळी बरी. कॉइल गयी." त्यानं ती काढून नानांपुढे धरली. रबराला केसाएवढी चीर, आणि चिरेतून खाली उतरलेली काळी रेघ. "गार असते तोवर धरते. तापली की ठिणगी प्लगला न जाता इथून बाहेर पळते."

नाना त्या रेघेकडे बघत राहिले. दोन वर्षं, तीन मेकॅनिक, एक रिकामी परतलेली गाडी, आणि सगळं या रेघेत.

"नवी टाक."

"धुळ्याला आहे. फोन करतो." नवलनं फोन लावला, ऐकला, ठेवला. "दुकान बारा ते चार बंद."

आबांना हसू आवरेना. नाना हसले नाहीत.

चार वाजून पाच मिनिटांनी दुकानदारानं कॉइल एसटीच्या ड्रायव्हरकडे दिली. एक तासाची वाट. पण लेकींची गर्दी, प्रत्येक थांब्यावर बॅगा, पोरं, निरोप. बस पारोळ्याला आली तेव्हा साडेसहा वाजत होते. नवलनं कॉइल सात मिनिटांत बसवली. नाना त्या सात मिनिटांत चार वेळा मावळतीकडे बघून आले.

निघण्याआधी त्यांनी पुनमला फोन केला. "बाई, निघतो आहे. पारोळ्याहून. गाडीतला खरा दोष सापडला." पलीकडून ती म्हणाली, "नाना, हळू या."

गाडी त्या संध्याकाळी पाण्यासारखी वाहत गेली. धुळ्याजवळचं फागणं मागे पडलं तेव्हा वाटेतल्या घरांतून दिवे दिसायला लागले.

"काही घरांत लवकर लावतात," आबा म्हणाले.

देवपुरात गल्लीच्या तोंडाशी सगळे दिवे लागलेले होते. नाना उतरले. सांजोऱ्यांचा डबा हातात घेतला. डबा तरी द्यायचा होता.

ओट्यावर पुनम बसली होती, बॅग पायाशी. आणि तिच्यामागचं घर पूर्ण अंधारात होतं.

दारात वच्छलाबाई उभ्या. एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात माचीस.

"या, अभिमनभाऊ," त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "मघापासून पेटवते आहे. एक काडी पेटेल तर शपथ. सादळली मेली."

वैशाखात, धुळ्याला, त्रेचाळीस डिग्री उतरत असताना माचीस सादळली होती. आबांनी काही बोलायला तोंड उघडलं. नानांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"होते अशी कधी कधी," नाना म्हणाले. "उन्हाळ्यात जास्तच."

"मागच्या आखाजीला पोरगी आठ दिवस नीट जेवली नाही," वच्छलाबाई माचिशीकडे बघत म्हणाल्या, जणू हेही त्या माचिशीलाच सांगत होत्या. "घेऊन जा आता लवकर. मला पुढची काडी ओढायची आहे."

पुनम सासूच्या पाया पडली. आबांनी बॅग उचलली, ढकलायचं काम नसल्यामुळे. नानांनी डबा वच्छलाबाईंच्या पुढे केला, पण त्यांचे दोन्ही हात अडकलेले. मग नानांनी तो उंबऱ्याच्या आत ठेवला.

गाडी गल्लीच्या वळणाला आली तेव्हा पुनमनं मागे वळून पाहिलं. घरात दिवा लागला होता. पहिल्याच काडीत.