साधनाचा रकाना

“ह्या चार्जिंगच्या आहेत, काका,” दुकानदार म्हणाला. “कोणी घातल्या ह्या तुमच्या त्या पेटीत?”

पाराकाकांनी काउंटरवरचे दोन्ही सेल उचलून दिव्याखाली धरले. सकाळी सातला, अर्धवट अंधारात, त्यांनी ते नुसते चाचपून काढले होते. घरातल्या डिस्प्लेवर तापमानाच्या आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा होत्या. मग अंगणातल्या पेटीपाशी जाऊन त्यांनी सेन्सर उघडला, सेल मुठीत दाबून ऊब दिली, परत बसवले आणि ते धावत घरात आले. सात वाजून नऊ मिनिटांनी आकडा उमटला. उणे चार पॉइंट एक. दहा मिनिटांपर्यंतचा उशीर ते चालवून घेत, त्याच्या पुढे नाही. त्या नऊ मिनिटांत त्यांच्या छातीत जे काही झालं ते डॉक्टरांना सांगायचं नाही, असं त्यांनी येतानाच ठरवलं होतं.

“बायकोने घातले असतील काल,” ते म्हणाले. “टॉर्चमधले दिसतायत. मी सहा दिवस दवाखान्यात होतो.”

“मग बरोबर. थंडीत ह्या सकाळी उठतच नाहीत. माझ्या पोरीसारख्या.”

काका हसले नाहीत. “लिथियम दे.”

दुकानदाराने एक चकचकीत पाकीट पुढे टाकलं. काकांनी उलटंपालटं करून पाहिलं. “ही पण चार्जिंगचीच. आत सर्किट असतं. शेवटपर्यंत दीड व्होल्ट दाखवते आणि मग एकदम मान टाकते, आधी खोकतसुद्धा नाही. शिवाय त्या सर्किटच्या कुरकुरीत सेन्सरचा सिग्नल बुडतो. मला साधी लिथियम हवी. एकदा वापरून फेकायची.”

“ह्या साध्या घ्या की, अल्कलाइन. सगळं गाव हेच नेतं.”

“सगळं गाव घड्याळात घालतं. आत पाण्याचा अंश असतो, थंडीत ती जड होते. नेमकी पहाटेच.”

“काका, हवामान बघायचंय की क्षेपणास्त्र सोडायचंय?” असं म्हणत तो आत गेला आणि बऱ्याच वेळाने धूळ पुसत एक पाकीट घेऊन आला. “कॅमेऱ्यासाठी मागवली होती. कोणी विचारत नाही आता.”

काकांनी सेल तळव्यावर तोलला. नेहमीच्या सेलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने हलका. हीच.

“वीस वर्षं पडून राहिली तरी काही होत नाही हिला,” दुकानदार म्हणाला.

“मला तेवीस दिवस पुरेत.”

काका उत्तरेकडच्या या डोंगरी गावातल्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मुलं त्यांना ‘पारा’ म्हणत. स्वभावावरून नव्हे, तो थंडच होता. अंगणातल्या पांढऱ्या झडपांच्या पेटीत त्यांनी ठेवलेल्या पाऱ्याच्या तापमापकावरून. रोज सकाळी सातला ते वाचून आकडा सांगत आणि काकू वहीत लिहीत. पुढे पाऱ्यावर बंदी आली. काकांनी तापमापक कापसात गुंडाळून स्वतः जमा केला आणि त्या जागी हा सेन्सर आला. ‘पाऱ्याचा पारा गेला,’ असं तेव्हा प्राचार्य म्हणाले होते, आणि सगळे हसले होते. सगळ्यांत जास्त काका.

या महिन्याच्या अखेरीला तीस वर्षं पूर्ण होणार होती. वेधशाळेचं पत्र वहीतच ठेवलेलं होतं: तीस वर्षांच्या अखंड, साधनाने घेतलेल्या नोंदी असतील तर त्या कायमच्या संग्रहात घेता येतील. अंदाजाने लिहिलेला एकही दिवस चालणार नाही. काकांच्या नावावर दुसरं काही नव्हतं. ना शोधनिबंध, ना मूलबाळ. परवा सकाळी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. डॉक्टरांनी ‘वयाच्या मानाने’ असं म्हणून पुढचं वाक्य अर्धंच ठेवलं होतं. म्हणून त्यांना असा सेल हवा होता, की ज्याला तेवीस दिवस कोणाचा हात लागायला नको.

घरी काकू ओट्याशी उभ्या होत्या. काकांनी पाकीट टेबलावर ठेवलं.

“मिळाली?”

“मिळाली. अगं, ते टॉर्चचे सेल तू काल कशाला घातलेस? मला विचारायचंस तरी.”

“काल नाही,” काकू म्हणाल्या. त्यांची पाठ काकांकडेच होती. “तुम्ही ॲडमिट झालात ना, त्याच रात्री आधीचे संपले. घरात तेवढेच होते.”

काका आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी वही उघडली.

सहा दिवस. दवाखान्यातून ते रोज सातला फोन करत होते. ‘किती?’ एवढंच विचारायचे, आणि पलीकडून आकडा यायचा. तेच आकडे काकूंच्या गोल, सरळ अक्षरात समोर होते. उणे साडेतीन. उणे दोन. उणे अडीच. उणे साडेचार. उणे चार. उणे साडेतीन. त्यांच्यापुढे ‘साधन’ या रकान्यात, चार वर्षांपूर्वी एकदा लिहिलेल्या ‘सेन्सर’ या शब्दाखाली ‘वरीलप्रमाणे’ म्हणून रोज लिहितात तसंच: कित्ता. कित्ता. कित्ता.

सेन्सर साडेतीन म्हणत नाही. अडीच म्हणत नाही. तो तीन पॉइंट चार म्हणतो, दोन पॉइंट सात म्हणतो. सहाच्या सहा दिवस त्याला अर्ध्यावर किंवा पूर्णावरच थांबायला सुचावं, हे होत नाही. अडीच हा माणसाचा आकडा.

त्यांनी पेन उचललं. साडेतीनच्या पाचाचा चार सहज झाला असता. दोनच्या पुढे एक टिंब आणि एक तीन. सहा जागा, दोन मिनिटांचं काम. कोणाला कळणार होतं? पेनाचं टोक कागदावर टेकलं आणि तिथे एक निळा ठिपका पसरत गेला. चाळीस वर्षं मुलांच्या प्रयोगवह्या तपासताना ते एकच वाक्य लिहीत आले होते: न पाहिलेला आकडा लिहू नये. काही मुलं रडायची. एकाला त्यांनी वर्षभर पुन्हा बसवलं होतं.

“अहो.”

काकू दारात उभ्या होत्या.

“डिस्प्ले सकाळी बंद असायचा,” त्या म्हणाल्या. “ऊन आलं की दहाच्या सुमाराला चालू व्हायचा. आणि तुमचा फोन सातला.”

“मग सांगायचं ना, दिसत नाही म्हणून.”

“तुम्हाला? नळ्या लावून पडलेल्या माणसाला?”

“मग हे आणलेस कुठून?” काकांचा आवाज फाटला. “मनाने? तीस वर्षं माझ्या शेजारी बसून लिहिलंस, आणि शेवटी मनाने?”

“मनाने नाही.” काकूंनी पदराआड धरलेला उजवा हात बाहेर काढला. “पेटीत हात घालून उभी राहायचे. शंभर मोजायचे. तीस वर्षं तुम्ही आकडा सांगताय आणि मी त्याच थंडीत लिहितेय. हाताला कळतं हो थोडंफार.”

बोटांची पेरं लाल होऊन सुजलेली होती. काल जेवताना काकांनी ती पाहिली होती. भांडी घासून झालं असेल, असं त्यांना वाटलं होतं.

“मला वाटलं,” काकू म्हणाल्या, “तुम्ही नाही आलात परत, तर निदान वही तरी पुरी व्हावी.”

काकांनी चष्मा काढून पुसला. मग चष्मा लावला, पट्टी घेतली, आणि पहिल्या ‘कित्ता’वर एक बारीक रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: हात. खाली, दुसऱ्या दिवशी: हात. सहाही दिवस. तिथे कित्ता लिहावंसं त्यांना वाटलं नाही. आकड्यांना त्यांनी हात लावला नाही. सातव्या दिवशी, म्हणजे आजच्या ओळीत, त्यांनी पुन्हा नव्याने लिहिलं: सेन्सर.

काकू वाकून वाचत होत्या. “मग वेधशाळेवाले आता घेणार नाहीत.”

“नाही घेणार.”

“माझ्यामुळे.”

“सेलमुळे,” काका म्हणाले. “निघायच्या आधी मीच बदलायला हवे होते.”

“मग आता पुढचे दिवस कशाला लिहायचे?”

काकांनी पाकीट फाडलं आणि ते अंगणात गेले. पेटीचं दार उघडून नवे सेल बसवले. घरात येईपर्यंत डिस्प्लेवर आकडा आला होता. त्याच्या शेजारी बॅटरीचं चिन्ह, काठोकाठ भरलेलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सात वाजता त्यांनी दवाखान्यातून फोन लावला. सिस्टर चाकांची खुर्ची आणायला गेली होती.

“किती?”

“उणे पाच पॉइंट एक,” काकू म्हणाल्या. “लख्ख दिसतंय. लिहिलं.”

“बरं.”

पलीकडे घरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

“आणि हात काय म्हणतो?” काकांनी विचारलं.

पलीकडे दाराची कडी वाजली, पायऱ्यांवर चपला वाजल्या, पेटीचं दार करकरलं. फोन बहुधा त्यांनी पेटीवरच ठेवला असावा, कारण आवाज जरा लांबून यायला लागला. एक. दोन. तीन. काका डोळे मिटून ओठांनी मोजायला लागले. चाळीसला सिस्टर आली. बासष्टला तिने ब्लँकेट गुंडाळून त्यांना खुर्चीत बसवलं आणि फोनसाठी हात पुढे केला.

“द्या काका. आत नाही नेता येणार.”

काकांनी फोन तिच्या हातात दिला.

“बंद करू नका,” ते म्हणाले. “शंभर व्हायचेत.”