टाकीतलं पाणी

बेव्हर्ली पार्कजवळच्या लॅबमध्ये संपदा पाण्याचे नमुने तपासायची. त्या सकाळी तिने उघडलेली जंतू वाढवायची प्लेट तिच्याच बिल्डिंगच्या नळाची होती. पाण्याला वास येतोय म्हणून तिनेच बाटली भरून आणलेली. प्लेटभर ठिपके, आणि त्यांच्यावर हिरवी, धातूसारखी झाक. ई-कोलाय जंतू. म्हणजे टाकीत मैला उतरत होता.

तिच्या चार वर्षांच्या मुलीला, दिव्याला, कालपासून जुलाब होत होते.

तिने सासूबाईंना फोन लावला. "आई, तिला नळाचं पाणी देऊ नका."

"अगं, आता रक्त पडतंय पोरीला," विमलाबाईंचा आवाज फाटला. "ये लवकर."

इंद्रलोकमधल्या घरापर्यंत रिक्षात ती मुठी आवळून बसली. हा जंतू सगळ्यांच्याच आतड्यात असतो, बहुतेक वेळा गुण्यागोविंदाने. 'के' व्हिटॅमिनसुद्धा बनवतो. पण त्याच्याच कुळातली एक जात विष सोडते आणि लहान मुलांच्या किडन्या निकामी करू शकते. सोयीची जागा मिळाली की वीस मिनिटांत एकाचे दोन. रिक्षा सिग्नलला थांबली की तिला तेवढंच आठवायचं.

क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी दिव्याचं रक्त आणि शी तपासायला पाठवली. "रिपोर्ट येईपर्यंत अँटिबायोटिक नको. तो विषारी प्रकार असेल तर औषधाने विष वाढू शकतं. ओआरएस पाजा. चारपर्यंत लघवी झाली नाही तर थेट ॲडमिट."

घरी विमलाबाई मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन आल्या. "आमच्या वेळी ह्याच दिल्या की बरं वाटायचं."

"आई, नको ना!" संपदाने पाकीट हिसकावलंच. विमलाबाई भिंतीला टेकून रडायला लागल्या.

दोन वाजले. तीन वाजले. दिव्याचे ओठ सुकलेले, डोळे अर्धवट मिटलेले. संपदा चमच्याने ओआरएस पाजत राहिली. साडेतीनला दिव्या पुटपुटली, "मम्मा, शू." थोडीशीच झाली, गडद पिवळी. दोघी बायका बाथरूममध्येच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

रिपोर्टमध्ये तोच विषारी प्रकार निघाला. पुढचे दहा दिवस दिवसाआड रक्त तपासायचं होतं. किडनी बिघडली की चेहरा सुजतो, म्हणून रोज सकाळी संपदा आधी पोरीचा चेहरा सुजलाय का ते बघायची. सोसायटीने टाकी उपसली, तर ड्रेनेजचा पाइप फुटून आत झिरपत होता.

दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "किडन्या ठीक आहेत."

संपदा क्लिनिकच्या पायरीवर मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली.