कानशीची खूण

"टाच ठेव पायडलवर, बेटा. पाय सरळ झाला तं शीट बराबर. गुडघा मुडलेला राह्यला तं माणूस सायकल चालवत नाई, सायकल माणसाले खाते."

परतवाड्याच्या उस्तादांचा हा आवाज धर्मपालच्या कानात चाळीस वर्षं तसाच होता. उस्ताद गेले, त्यांचं सायकलचं दुकान गेलं, आवाज तेवढा राहिला. आज अकोल्यात, घरासमोरच्या निंबाखाली बायकोची जुनी सायकल उभी करताना तो आवाज त्याला नको होता.

"काका, नऊ किलोमीटर हाय कालेज. होईन ना माह्याच्यानं?" शेजारची दीपमाला विचारत होती. नर्सिंगला नंबर लागला होता तिचा.

"न व्हायले काय झालं?" इंदूबाई खुर्चीतून म्हणाली. "तुहे काका मापात बसवून देतीन. त्याईनं बसवलेली सायकल लेकराच्या अंगड्यावानी बसते अंगाले."

सायकल तिनंच देऊ केली होती. तिला आता ती चालवणं होत नव्हतं. खाली बसणंही होत नव्हतं. पौर्णिमेला विहारात साऱ्या बाया सतरंजीवर बसत आणि ही मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर. वंदनेला सगळं विहार वाकायचं, तेव्हा ही एकटी ताठ दिसायची, वादळात न वाकलेल्या, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीसारखी.

मागच्या महिन्यात अमरावतीला हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. दोन्ही गुडघे झिजले होते.

"बाई, सायकल चालवायच्या का? सीट खाली असायची?"

"नाई जी. माहे मालकच सायकलचे कारागीर हायेत. त्याईनं बसवून देल्ली. मापात व्हती."

हे सांगताना तिचा आवाज असा भरून आला होता, की धर्मपाल एक्स-रेकडेच पाहत राहिला. परतताना एसटीत मूर्तिजापूर येईस्तोवर त्यानं तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा खिडकीची काच सरकवून घेतली.

बावीस वर्षं झाली होती. इंदू तेव्हा पलीकडच्या गावात डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात कामाला लागली होती. धर्मपालनं तिच्यासाठी सायकल आणली, उस्तादांनी शिकवलं तसं तिला बसवून टाच ठेवायला लावली, पाय सरळ केला. मग उस्तादांची रीत पाळली. सीट मापात बसली की सीटच्या दांड्यावर, फ्रेमच्या तोंडाशी, कानशीनं घासून एक बारीक खूण करायची. सायकल पुन्हा कितीदा खोलली तरी माणसाचं माप हरवत नाही.

इंदू निघाली की वाटेनं गायची. आईच्या जात्यावरची चाल, शब्द तिचे तिनंच जुळवलेले.

चाक फिरे गरागरा, वाट मांगं मांगं पये
माह्या पायाच्या जोरानं, आभाय गं खाली ये

एका सकाळी ती धर्मपालच्या दुकानासमोरून गातच निघून गेली. चहा पीत बसलेला सहदेव म्हणाला, "धर्मपाल, तुह्या बायकोनं तुह्याकडं पाह्यलंबी नाई. हवा झाली ते. आज दवाखान्यापाशी थांबते, उद्या कोठं थांबीन, भरोसा नाई."

सगळे हसले. धर्मपालही हसला. संध्याकाळी त्यानं पाना घेतला आणि सीट तीन बोटं खाली केली.

"काहून जी?" इंदूनं विचारलं होतं.

"रस्ता खराब हाय. पडशीन. पाय टेकले पायजे भुईले."

तिनं मान डोलावली. सायकलीतलं त्याला जास्त कळत होतं. त्यानं मनात म्हटलं, चार दिवस राहू दे, मग वर करू. महिनाभरात तिचं गाणं चढावर तुटायला लागलं, मग सपाटीवरही. दुकानात बसल्या बसल्या ते त्याला ऐकू यायचं, ते आता ऐकू येईना.

पुढं डॉक्टरीणबाईंनी तिला नर्सच्या ट्रेनिंगला पाठवलं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, रोज सायकलनं. पाचव्या दिवशी ती सुजलेले गुडघे घेऊन परत आली. "माह्या पायातच दम नाई," एवढंच बोलली, ट्रेनिंग सोडलं आणि भाकरी थापायला बसली. पाना त्याच्या हाताशी होता. तेव्हा वर केली असती, तर आधी खाली का केली हे सांगावं लागलं असतं. त्यानं चूल फुंकून दिली.

"काका, निघत नाई काय बोल्ट?"

"जंगला हाय. निंगते."

त्यानं तेल सोडलं, पान्यावर सगळा भार दिला. दांडा कुरकुरत वर आला. बाहेर होता तो भाग गंजलेला, आणि त्याच्याखाली आता तीन बोटं लख्ख कोरं लोखंड, बावीस वर्षं ऊन न लागलेलं. फ्रेमच्या तोंडाशी ती बारीक खूण येऊन थांबली.

दीपमाला बसली. टाच ठेवली. पाय सरळ झाला. बोल्ट आवळताना धर्मपालनं वर पाहिलं नाही.

पोरगी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. "काकू, कित्ती हलकी चालते वं. जोरच लावा लागत नाई. गुडघ्याले तं मालूमच पडत नाई."

"माही तं लय जड चाले," इंदूबाई म्हणाली. "मले वाटे, लेडीज सायकल अशीच रायते."

तिनं काठी टेकली, उठली, सायकलीपाशी आली. त्या कोऱ्या लोखंडावरून तिनं बोट फिरवलं. बोट खुणेवर अडकलं.

"ही खूण दीपमालाची काय?"

धर्मपाल हात पुसत राहिला.

"तिची कशी असन," तीच हळू बोलली. "कानस तं तुमी आज पेटीतून काहाळलीच नाई."

दीपमालाला काही कळलं नाही. तिला आणखी एक चक्कर मारायची होती. तिनं घंटी वाजवली आणि गल्ली ओलांडून मोठ्या रस्त्याला लागली. घंटी बारीक होत होत गेली. इंदूबाईचा हात सीट होती त्या उंचीवर, रिकाम्या हवेत तसाच राहिला.

"तुही हाय, इंदू," धर्मपाल म्हणाला. "पयल्या दिवशीची. रस्ता चांगला व्हता. तू बी चांगली चालवत व्हती. तू लांब जाशीन म्हून शीट मीच खाली केली."